दादाच्या करवतीचं खूळ

३० जून १९३९, वाशीम

सासरी, अनसिंगला, माझी आठवण आली म्हणे. इतकी वर्षं कोणाला आली नाही, ती आता आली, कारण धाकटीला तिसरं झालं आणि ती अंथरुणाला खिळली. मूल होत नाही म्हणून मला भावाच्या दारात आणून सोडलं, दुसरी केली, तिला मुलं झाली. आता ती मुलं सांभाळायला आणि गोठा झाडायला माणूस हवं आहे. मोलकरीण ठेवली तर तिला दाणे मोजून द्यावे लागतात. बायकोला काय, उरलंसुरलं चालतं.

निरोप घेऊन त्यांचा गडी पुंजाजी आला होता. ओसरीवर बसून बशीतला चहा फुर्र फुर्र करत प्यायला आणि म्हणाला, "मास्तर, सोजरबाईनं सांगतलं, दिवाईच्या आंधी सुनेले घिऊन जाऊ. जगदेवभाऊ सोता येतीन."

सोजरबाई माझी सासू आणि जगदेव थोरले दीर. मास्तर म्हणजे माझा दादा, रामराव. इथल्या मराठी शाळेत पोरांना चित्रकला आणि भूगोल शिकवतो. एवढा ताडमाड माणूस, पण पुंजाजीसारख्या गड्यासमोर मान खाली घालून बसला आणि म्हणाला, "पाहू."

हा त्याचा ठेवणीतला शब्द. पाऊस येईल का, पाहू. छप्पर गळतं, पाहू. बहिणीला पुन्हा त्या खाईत ढकलायची का, पाहू! तिथे मी गोठ्यात निजत होते आणि सगळ्यांची ताटं उठल्यावर जेवत होते, हे त्याला ठाऊक आहे. मला जायचं नाही. ते त्याला तोंडाने सांगायची सोय नाही, कारण भावाच्या घरी राहणाऱ्या बाईने काय हवं-नको बोलायचं नसतं.

९ जुलै

दादाने अकोल्याहून एक धूड आणलं. कोणा इंग्रज इंजिनिअरची मडम विलायतेला परत चालली, तिचं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यातलं. शिवणयंत्रासारखं खाली पाय मारायचं, वर एक लोखंडी कमान, आणि कमानीत उभी ताणून बसवलेली केसाएवढी करवत. पाय मारला की ती खालीवर नाचते. लाकडात हवी तशी नक्षी कापता येते म्हणे. मडम त्यावर फोटोच्या चौकटी करायची. दादा म्हणतो, नकाशे कापायचे. फळीवर नकाशा चिकटवायचा, जिल्ह्याजिल्ह्याच्या सीमेवरून कापून तुकडे करायचे, आणि पोरांनी ते पुन्हा जुळवायचे. म्हणजे भूगोल पाठ होतो. अगोदर तोडायचं आणि मग जोडत बसायचं, हे फक्त मास्तर लोकांनाच सुचतं.

घरात मी डोक्यावर येऊन बसलेली, छप्पर गळतंय, आणि हा खेळणं घेऊन आला. मनकर्णावहिनीने कपाळाला हात लावला. आमचं दोघींचं एकमत होण्याचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येतो, तो आज आला.

बरं, ठेवलं कुठे? खिडकीपाशी, उजेडात, जिथे माझी चटई असते तिथेच. मी म्हटलं, "माह्या बसाच्या जागेवरच काहून?" तर म्हणाला, "उजेड तथीच हाय." सगळ्या घरात माझी म्हणून हातभर जागा होती, तीही गेली.

१६ जुलै

आठवडाभर तमाशा चालला आहे. दादा शाळेतून आला की यंत्रावर बसतो. पाय एकीकडे, हात दुसरीकडे. लाकूड असं रेटतो की पातं टण्णकन तुटतं. पाती जर्मनीची, बारीक, बांगडी तुटावी तशी तुटतात. तुटलं की माझ्याकडे बघून ओशाळं हसतो.

आणि स्टूल! सुताराकडून पाय कापून बुटकं करून आणलं. स्वतः त्यावर बसला की गुडघे हनुवटीला लागतात. मला बसवून पाहिलं तर अगदी बेतशीर. चित्रकला शिकवणाऱ्याला स्वतःचं माप घेता येत नाही, म्हणजे कमाल आहे.

आज म्हणाला, "गोमा, माहे पाय दुखून राह्यले. जरा तू मार बरं पाय, मी लाकूड धरतो." मंगरूळच्या जत्रेला पायी जाऊन येणाऱ्याचे पाय दुखतात! बसले नाइलाजाने. त्याला लाकूडही धरता येईना, म्हणून तेही मीच धरलं. वेडंवाकडं का होईना, वळण निघालं. पातं तुटलं नाही.

"जमलं की," म्हणाला आणि चक्क बाहेर निघून गेला. आळशी.

५ ऑगस्ट

आता रोजची वेठ माझ्याच गळ्यात आहे. सकाळी भाकरी, भांडी, दळण, आणि दुपारी यंत्र. वहिनी म्हणते, "तुमाले बरं हाय, बसून काम." मी म्हटलं, "या, तुमी बसा." आली, चार वेळा पाय मारला, चक्कर येते म्हणून उठली आणि मूठभर गूळ-शेंगदाणे घेऊन पडून राहिली.

फळी लागते पातळ आणि चिवट. ती मिळते चहाच्या रिकाम्या खोक्यांची. सैफुद्दीन शेठ किराणावाला खोकी देतो. त्यांचे लोखंडी पट्टे उपटायचे, आतला चंदेरी कागद खरवडायचा, मग खळ लावून नकाशा चिकटवायचा आणि रात्रभर जात्याच्या वरच्या दगडाखाली दाबून ठेवायचा. कापायला लागलं की भुशाला चहाचा वास येतो. शिंकून शिंकून जीव जातो.

एक गोष्ट कळली. लाकूड पुढे ढकलायचं नाहीच. पाय चालू ठेवायचा आणि लाकूड हळूच फिरवायचं. पातं आपली वाट आपण काढतं. नद्यांच्या वळणावर तर श्वास रोखून धरावा लागतो. बुलढाण्याची कड काल एका दमात काढली, कुठे खरबरीत नाही. उगीच नखाने चाचपून पाहत बसले. माझ्या हातून काही चांगलं झालं तर मला फार बरं वाटतं, हे लिहायला लाज वाटते.

दादा संध्याकाळी तुकडे जुळवतो, मोडतो, पुन्हा जुळवतो. हसतो. एवढ्या घोड्याने पोरासारखं खेळावं!

२० ऑगस्ट

शाळेचे हेडमास्तर घरी आले होते. पोट पुढे, टोपी मागे. नकाशा उलटसुलट करून पाहिला, मला अठरा प्रश्न विचारले, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं की स्वतःच उत्तर देत राहिले. शेवटी म्हणाले, "मास्तर, मोठी नामी वस्तू बनवली तुम्ही!"

दादाने काय करावं? म्हणाला, "म्या नाही बनवली, सायेब. गोमानं बनवली. मले तर पातंही बसवता येत नाही."

हेडमास्तरांनी टोपी पुढे ओढली. मग म्हणाले की दिवाळीच्या सुट्टीनंतर तालुक्यातल्या सगळ्या शाळांसाठी हे नकाशे घेऊ, जमेल का? दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, दुसरं काय करणार.

ते गेल्यावर दादाने प्रत्येक फळीच्या पाठीवर शाईने लिहिलं, "कारागीर : गोमतीबाई, वाशीम." मी भांडले. टाकलेल्या बाईचं नाव गावोगावच्या शाळांत फिरवायचं का? मला सगळं समजतं. उद्या तुकडे जुळले नाहीत तर शिव्या माझ्या नावाने, याच्या नावाने नाहीत. मास्तर म्हणे!

६ सप्टेंबर

लढाई सुरू झाली. जर्मनीवाल्यांना काही कामधंदा नाही आणि इंग्रजांना त्याहून नाही. आमच्या गल्लीतले शहाणे पारावर बसून कापसाचा भाव कुठे जाईल याची गणितं करताहेत. इकडे मी पाती मोजते आहे. दादा शेठकडे चौकशीला गेला तेव्हा सामान आणायला मीही बरोबर होते.

सैफुद्दीन शेठ म्हणाला, "मास्तर, भूल जाव. जर्मनी का माल अब बंद. मुंबईले बी नाही, नागपूरले बी नाही. जो है वो जपून वापरा."

पुड्यांत आहेत तेवढी नीट वापरली तर शाळांचं काम होईल. मी मोडत नाही. दादाला मात्र यंत्राच्या आसपास फिरकू द्यायचं नाही असं ठरवलं आहे.

१५ सप्टेंबर

जगदेव पोळ्याच्या बाजारात दादाला भेटले. बैलांना झुली घ्यायला आले होते म्हणे, सुनेची बोलणीही उरकली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात येतो, बाईचं गाठोडं बांधून ठेवा, असं सांगितलं. "तू काय बोललास?" म्हणून मी दादाला विचारलं. "काय बोलू? पाहू म्हटलं."

पाहू! मी ताट आपटलं आणि जेवले नाही. तो दोनदा दाराशी येऊन उभा राहिला आणि न बोलता गेला. बोलायला काही असतं तर बोलला असता.

शाळांचं काम पूर्ण झालं तर माझ्या हाताला किंमत आहे, असं चार लोकांत दिसेल. भावावर भार आहे असं मग कोणी म्हणणार नाही. तेवढीच एक काठी आहे माझ्या हातात. म्हणून कापते आहे, दुसरं काही नाही.

२१ ऑक्टोबर, खांडेनवमी

आज हत्यारांची पूजा. दरवर्षी पाटावर आजोबांचा विळा, दादाचा चाकू आणि दौत-टाक, वहिनीची विळी असं असतं. माझं तिथे काही नसतं, मी फुलं आणून देते.

आज सकाळी पाहते तर दादाने ते धूड धुऊन पुसून पाटाच्या मधोमध ठेवलेलं. त्याला झेंडूची माळ. आजोबांचा विळा बाजूला! आणि पात्यांच्या सगळ्या पुड्या सोडून, एकेक पातं ताम्हणात घेऊन, त्याला दूध-पाण्याने स्नान घालून, हळद-कुंकू लावून विड्याच्या पानावर मांडत होता. नवऱ्या मुलीला न्हाऊ घालावं तसं. वहिनी म्हणाली, "अहो, एका पुडीले कुकू लावलं तरी चालते!" तर म्हणतो, "नाई. सगळ्याले लावाचं. गोमाचं हत्यार हाय थे."

मी म्हटलं, पूजा झाली की पुसून तेल लावून ठेव. तो म्हणाला, पूजेला बसलेलं हत्यार दसरा उलटल्याशिवाय हलवत नाहीत. तेही खरंच, आमच्यात नाही हलवत. मी पुरणाच्या कामाला लागले. पण एवढा सोहळा कशासाठी, ते त्यालाच ठाऊक. लोकांना दाखवायला असेल.

२३ ऑक्टोबर

सगळं संपलं.

सकाळी पाती उचलायला गेले. दोन दिवस ओल्या हळदीकुंकवात, दुधात, पानावर पडलेली. तांबडी झाली आहेत. कुंकवाचा रंग म्हणून पुसलं तर तो गंज. केसाएवढं पातं, त्याला गंज चढायला कितीसा वेळ! बसवलं की तुटतं. दुसरं बसवलं, तुटलं. घासलेट लावलं, राखेने घासलं, दातच झडले. यंत्राच्या कमानीत बसवलेलं एक पातं तेवढं बचावलं, कारण त्याला तेल होतं.

मी दादाला काय काय बोलले ते लिहीत नाही. सगळ्या गल्लीने ऐकलं. हे मुद्दाम केलंस म्हणाले. मला अनसिंगला घालवायची म्हणून माझ्या हातातलं काम घालवलंस म्हणाले. त्याने एकदाही तोंड वर केलं नाही. निरपराध माणूस असा बसतो का?

२५ ऑक्टोबर

दादा पळाला. काल सकाळी धोतर-टोपी करून, काही न सांगता निघाला तो आलाच नाही. सुट्टी आहे, म्हणजे शाळेचं निमित्तही नाही. वहिनी दाराशी बसून रडते. मी म्हटलं, "रडता काहून? जगदेव येऊन मले घिऊन गेले का येते दादा वापस." एखाद्याने भित्रं असावं, पण इतकं?

गाठोडं बांधायला काढलं. दोन लुगडी, एक चोळी, आईचा गोफ. तेवढ्यानेच संपलं.

२८ ऑक्टोबर

आला. धुळीने भरलेला, चपलेचा अंगठा तुटलेला. वहिनीने मिठाचं गरम पाणी करून पाय त्यात घातले तेव्हा कळलं, टाचा फुटून रक्त आलं आहे. धोतराच्या सोग्यातून एक पुरचुंडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत पाती! कोणतं जाड, कोणतं बारीक, कोणतं अर्धं वापरलेलं. एक जात नाही त्यात.

मालेगाव, कारंजा, कामरगाव, मिळतील त्या वाटेने सगळे सोनार पालथे घातले म्हणे. सोनारही दागिन्याची जाळी कापायला असलीच पाती वापरतात, हे त्याला कारंज्याच्या वाटेवर कोणी तरी सांगितलं. पण त्यांनाही आता नवीन मिळत नाहीत, मग देणार कोण? "हात जोडले," म्हणाला. "कोनं एक देल्लं, कोनं दोन. एकानं हाकलून देल्लं, मंग त्याच्या म्हातारीनं बलावून देल्लं."

मास्तर माणूस, दारोदार भीक मागत फिरला! कोणी ओळखीचं भेटलं असेल तर काय वाटलं असेल त्याला? आणि आणली ती अशी, प्रत्येकाचा ताण वेगळा, प्रत्येकाला हात वेगळा लावायचा. माझं काम दुप्पट झालं. ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो ना," आणि बसल्या बसल्या झोपला.

जाड पात्यांनी बाहेरची सीमा कापायची आणि बारीक पाती नद्यांसाठी ठेवायची असं ठरवलं आहे. लागले कामाला.

५ नोव्हेंबर

आज दुपारी आले. दमणी दारात उभी राहिली, तिच्या बैलांना नव्या झुली. आधी सासूबाई उतरल्या, मग जगदेव. नवरा आला नाही. त्याला कशाला कष्ट! शेजारचे लखमा आणि रामसिंग ओसरीवर येऊन टेकले, तमाशा चुकवायचा नाही म्हणून. मी खिडकीशी यंत्रावर होते. उठले नाही. शेवटचा नकाशा चालला होता आणि पातं बारीक होतं. मधे पाय थांबवला असता तर पातं अडकलं असतं.

वहिनीने चहा केला, पोहे केले. सासूबाई पोह्यांवर आणखी साखर मागून घेत म्हणाल्या, "मास्तर, लय दिस ठिवली तुमी बहीण. आता घरची सून घरी पाठवा. पोरं आई आई करून राह्यले."

मी ज्यांची आई नाही ती पोरं मला आई आई करतात! मला हसू आलं.

जगदेव म्हणाले, "गाठोडं आना, उन्हं कलाच्या आंधी निघू."

मी दादाकडे पाहिलं. मनात म्हणत होते, आता तरी बोल. एकदा तरी कंबरेत ताठ उभा राहा आणि 'नाही पाठवत' एवढं म्हण. बाप असता तर त्याने काठी उचलली असती. कोणाचाही भाऊ बोलला असता.

दादा म्हणाला, "मले काय इचारता? थे पाहा, समोर बसली हाय. तिले इचारा."

जगदेव म्हणाले, "बाईमानसाले काय इचाराचं, मास्तर? आजलोक कोनं इचारलं?"

"नाही इचारलं," दादा म्हणाला. "लगनातही नाही, तुमी आनून सोडली तवाही नाही. म्याही नाही इचारलं. आता इचारा."

मला त्याचा इतका संताप आला की डोळ्यांसमोर अंधारी आली. सगळं माझ्यावर टाकून मोकळा! तीन पुरुष, सासू, सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत आणि हा ओसरीच्या खांबाला टेकून बसलेला. पाय माझा चालूच होता. वळण संपलं, तुकडा सुटून हातात आला, तेव्हा मी थांबले.

"मी येत नाही," म्हटलं. आवाज माझाच होता का, कोण जाणे. मग पुन्हा मोठ्याने म्हटलं, "येत नाही. आजही नाही, दिवाईलेही नाही. तुमाले बाई पाहिजे तर मजुरीनं ठिवा."

सासूबाईंनी काय म्हणायचं ते सगळं म्हटलं. वांझ म्हटलं, उंडगी म्हटलं. जगदेव दादाला म्हणाले, असा नामर्द भाऊ पाहिला नाही. दादा म्हणाला, "बरं." दमणी गेली. लखमा आणि रामसिंग धावत पारावर गेले, ही बातमी पोचवायला.

मग मी दादाला धरलं. "तुह्या तोंडात जीभ नव्हती काय? मी एकटी बोलू? तू काहून 'नाही' म्हटलं नाही त्याईले?"

त्याने बोटांनी लाकडाचा भुसा गोळा केला. मग म्हणाला, "म्या आज 'नाही' म्हटलं असतं, गोमा, त उद्या मले 'हो' म्हनाचाही हक्क आला असता."

हे काय उत्तर झालं? मास्तर लोकांचं बोलणं असं आडवळणी. मी म्हटलं, "आन् मी हो म्हटलं असतं तर?"

"तर दमणीच्या मांगं मांगं पायी आलो असतो सोडाले." एवढं बोलून त्याने उपरण्याने डोळे पुसले. फुटक्या टाचा, आणि म्हणे पायी! सगळ्या गावासमोर कोरड्या डोळ्यांनी शिव्या खाल्ल्या, आणि आता पाहणारं कोणी नाही तर मुळूमुळू रडतो. पुरुषासारखा पुरुष.

मी यंत्राकडे वळून पात्याला तेल लावलं. म्हटलं, "पूस डोळे. भाकर थंडी होऊन राह्यली." तो उठून जेवायला बसला, आणि मी त्याला वाढलं.